पूर्वेचं अर्धं आकाश

सोमवार, ६ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

आशीर्वाद आधी, तक्रार नंतर. मी फोन करतो तेव्हा तू कामावर असतोस, आणि तू करतोस तेव्हा इथे सगळे झोपलेले. शिवाय फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. "बंद करून चालू केलंस का, दादा?" हे तुझं पहिलं आणि शेवटचं औषध. केलं, बाबा. कितीदा केलं. म्हणून आता ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बसून हे सविस्तर पत्र.

घरी सगळं ठीक. तुझ्या वहिनीचे गुडघे कुरकुरतात, पण तोंड शाबूत आहे. काल माझ्या हातून चहा कपाबाहेर ओतला गेला, तर म्हणाली, "ओता ओता, टेबलालाही तलफ येत असेल." परवा दाराची चौकट खांद्याला लागली तेव्हा म्हणाली, "अगदी सासऱ्यांवर गेलात." आणि सकाळी बाथरूममध्ये बादलीला पाय लागला. मला तुझी आठवण आली. का, ते तुला ठाऊक आहे. असो.

मुद्द्यावर येतो. तू जुळवून दिलेलं यंत्र आजारी आहे.

तुला आठवत असेल, आपल्या तारांगणाच्या घुमटाचं आकाश तू दोन ग्राफिक्स कार्डांत वाटून दिलं होतंस. वरचं कार्ड पश्चिमेचं अर्धं आकाश काढतं, खालचं पूर्वेचं. मधोमध दोन्ही इतकी बेमालूम जुळायची की सांधा मलाही सापडत नसे. गेले काही आठवडे तो सांधा उसवतोय. मी रात्र पुढे सरकवायला लागलो की पश्चिम सुरळीत फिरते, पूर्व मात्र अडते, मग एकदम उडी मारते. मागच्या रविवारी भर खेळात एक मुलगी ओरडली, "आई, आकाश अडकलं!" सगळा घुमट हसला. मीही हसलो, पण उसनं.

तू शिकवलेला तो आकड्यांचा तक्ता उघडून पाहिला. वरच्या कार्डाचा क्लॉक स्पीड, म्हणजे कामाचा वेग, सोळाशेच्या आसपास, खालच्याचा तीनशे. मध्येच सोळाशेवर चढतो, पुन्हा तीनशेवर घसरतो. एका जूला दोन बैल, आणि त्यातला एक बसकण मारतोय. गाडी सरळ कशी जाणार?

आता हे इतक्या घाईने का लिहितोय ते सांगतो. शनिवारी समिती येणार आहे, घुमटाला पैसे पुरवणारी. आमच्या संचालक बाईंनी मला खोलीत बोलावून दार लावून घेतलं. बाई वाईट नाहीत, स्पष्ट आहेत. म्हणाल्या, "शनिवारी आकाश फाटलं तर समिती वर बघणार नाही, माझ्याकडे बघेल. मग मला तयार फिल्म आणावी लागेल. तिचा आवाजही तयार असतो."

मी विचारलं, "आणि मी?"

"तुमच्यासाठी भांडारात जागा करते," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता पेनाचं टोपण लावत बसल्या.

भांडारात खुर्च्या, फुटक्या दुर्बिणी आणि रंगाचे डबे आहेत. मी काही मोठा शिकलेला नाही, तुला माहीत आहे. गावच्या शाळेत चार भिंती होत्या आणि त्यातली एक पडकी होती, तिथूनच मला आकाश दिसलं. इतकी वर्षं लोकांना अंधारात बसवून ते दाखवतोय. खेळाआधी घुमट काळा होतो, पहिला तारा उमटतो, तेव्हा मी अजून हात जोडतो. तो दिवा आणि भिंग आहे हे मला कळतं. तरी जोडतो. ते माझ्याकडून काढून घेऊ नये, एवढंच.

काय करू ते लिही. सोपं लिही.

तुझा,
दादा


गुरुवार, ९ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळींत तीन हुकूम आणि एक टोमणा. वडीलधाऱ्यांना असं लिहायला कुणी शिकवलं? पण हुकूम कामाचे निघाले. "एका वेळी एकच गोष्ट बदल, दादा. दोन बदलल्यास तर दोषी कोण ते कधीच कळणार नाही, आणि दर वेळी दोन्ही कार्डांचे आकडे मला पाठव," हे वाक्य मी कागदावर लिहून यंत्राच्या पाठीला चिकटवलंय.

तर ऐक. आधी ताप पाहिला. दोन्ही कार्डं कोमट, जाळीत धूळ नाही, पंखे फिरतात. म्हणजे गरम झाल्यामुळे वेग उतरत नाही. मग वीज देणाऱ्या तारांची अदलाबदल केली. काही फरक नाही. मग देवाचं नाव घेऊन तू म्हणालास ते केलं: खालचं कार्ड वर, वरचं खाली. खटका सुटताना जो आवाज झाला, त्याने माझाच कुठला सांधा निखळला की काय असं वाटलं. यंत्र पुन्हा सुरू केलं. अडली ती पूर्वच! कालपर्यंत शहाण्यासारखं वागणारं कार्ड खाली गेलं आणि तेच पेंगायला लागलं; आणि ज्याला मी आठवडाभर मनात शिव्या घातल्या ते वर जाऊन गुणी बाळासारखं पळू लागलं. त्याची मनातल्या मनात माफी मागितली.

म्हणजे दोष कार्डात नव्हता, जागेत होता. खालच्या जागेत असं काय आहे? तुझा शेवटचा प्रश्न होता, "हल्ली कुणी काही बदललंय का?" मी छातीठोकपणे "नाही" लिहिणार होतो. तेवढ्यात आमचा खिडकीवाला आला. तो तिकीटखिडकीवर बसतो, म्हणून सगळे त्याला खिडकीवालाच म्हणतात. इतकी वर्षं इथे आहे, पण आत येऊन आकाश एकदाही पाहिलेलं नाही. म्हणतो, मान दुखते. तो पत्र वाचायला वाकला आणि म्हणाला, "बदललंय की. मीच."

"तू काय बदललंस?"

"बाईंचं ते परिपत्रक नव्हतं का, वीज वाचवा म्हणून? सगळ्या कॉम्प्युटरांवर वीजबचत लावली. तुमच्याही. तुम्ही जेवायला गेला होतात."

"मला सांगायचं तरी!"

"सांगायचं काय त्यात? पुण्यकर्म ते."

मग तुझ्या मदतीशिवाय, पहिल्यांदाच, मला कारण उलगडलं. वरच्या कार्डावर घुमटाखेरीज माझ्या टेबलावरचा पडदाही आहे. तिथे आकडे हलतात, बाण फिरतो, त्याला काही ना काही काम असतंच. खालच्याकडे फक्त पूर्वेचं काळं आकाश. चार तारे आणि बाकी काळोख. वीजबचतीने पाहिलं, इथे तर काहीच घडत नाही, आणि त्याला झोपवून टाकलं. मग तारे एकदम उगवायला लागले की ते डोळे चोळत उठायचं. तोवर पश्चिम पुढे निघून गेलेली. अंधार म्हणजे काम नाही, असं यंत्राला वाटतं. आपल्याला लहानपणापासून उलट सांगितलंय, की आकाशाचं खरं काम अंधारातच चालतं.

वीजबचत काढली. दोन्ही कार्डांना "पूर्ण वेग" लावून दिला. आकडे: वर १६२०, खाली १६१५, सगळी रात्र फिरवली तरी हलले नाहीत. पापक्षालन म्हणून खिडकीवाल्याला मान दुखो न दुखो आत बसवलं. वर बघत म्हणाला, "लोण्यातून सुरी फिरावी तसं फिरतंय हो." बाईही येऊन पाहून गेल्या. "शिवलंत म्हणायचं आकाश," म्हणाल्या.

आता पत्र इथे संपायला हवं.

पण बारक्या, एक विचारतो. मला अजून पूर्वेला किंचित उशीर दिसतो. उडी नाही, अडकणंही नाही, ते गेलं. पण तारा जिथे क्षितिजावर यायला हवा तिथे येत नाही. बराच वर आल्यावर अचानक असतो. कुठला तारा कधी कुठे असावा हे मला तोंडपाठ आहे, त्यात माझी चूक होत नाही. आणि गंमत म्हणजे मान वळवून बघावं तर तो आपल्या जागेवर हजर! पुन्हा समोर बघावं तर पुन्हा उशीर. जणू मी बघतोय हे त्याला कळतं. खिडकीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "मला तर सगळं वेळेवर दिसतंय. तुम्हाला संशयाचं भूत लागलंय."

असं होऊ शकतं का? आकडे बरोबर, आणि तरी आकाश उशिरा?

कालचं आणखी एक. रस्ता ओलांडताना एक सायकलवाला डावीकडून अगदी अंगावर आला आणि खच्चून ओरडला, "आंधळे आहात का?" तो आला कुठून तेच कळलं नाही. रस्ता तर मोकळा होता. वहिनीला सांगितलं नाही, तूही सांगू नको. ती म्हणते, डावीकडून हाक मारली की मी दचकतो. बायकांना काहीही वाटतं.

शनिवारला आता फार वेळ उरला नाही. लवकर लिही. वाटल्यास टोमणा दुप्पट मार, पण लिही.

तुझा,
दादा


रविवार, १२ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

हे पत्र बसून वाच. वहिनी बरी आहे, घर जागेवर आहे, घाबरू नकोस. पण बसून वाच.

तू लिहिलंस, "आकडे बरोबर असतील तर यंत्र बरोबर आहे, दादा. आता यंत्राबाहेर शोध." ते वाचलं. मग रिकाम्या घुमटात गेलो. दोन्ही प्रोजेक्टरांच्या तारांची अदलाबदल केली, म्हणजे पूर्वेचं आकाश आता पश्चिमेच्या कार्डातून येणार. उशीर तिथेच. तारा परत जागेवर लावल्या. तुझा कागद समोर होताच: एका वेळी एकच गोष्ट. यंत्राबाहेर बदलण्यासारखं आता एकच उरलं होतं. माझी खुर्ची.

तुला माहीत आहे, मी कायम दक्षिणेला तोंड करून बसतो. पूर्व डाव्या हाताला. खुर्ची फिरवली आणि उत्तरेला तोंड केलं. आता पूर्व उजवीकडे, पश्चिम डावीकडे. रात्र सोडली, आणि नजर समोरच्या खुणेवरून हलू दिली नाही.

पूर्वेचे तारे अगदी वेळेवर आले. एकेक, क्षितिजाला पाऊल लावून, जसे यायला हवेत तसे. आणि पश्चिमेचे, आता माझ्या डाव्या हाताचे, मावळायच्या आधीच विझू लागले. खाली टेकण्यापूर्वीच. एकामागून एक.

दोष माझ्याबरोबर फिरला होता.

मग पद्धतीने एकेक डोळा झाकला. डावा झाकला तेव्हा जवळपास काहीच बदललं नाही. म्हणजे तो मुळात फारसं बघतच नव्हता. उजवा झाकला, तेव्हा समोर आकाशाचा ताटलीएवढा तुकडा राहिला आणि बाकी कुठे एकही तारा नाही. बारक्या, मी मशीन बंद केलं नाही. तसाच बसून राहिलो. देवाला काही विचारलंही नाही. त्याला विचारावं असं काही सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. एकटाच. तिथे काय करतात सांगू? एका पांढऱ्या वाटोळ्या भांड्यात तोंड घालायला लावतात. आतून अगदी छोटा घुमट. मधल्या ठिपक्याकडे बघायचं, आणि कडेला कुठेही दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. मी लोकांना अंधारात बसवून दिवे दाखवतो; तिथे मला बसवलं. शांतता होती. बराच वेळ एकही दिवा लागला नाही. मला वाटलं, यांचंही यंत्र बिघडलंय. डॉक्टरीणबाईंना तसं म्हणालोसुद्धा. त्या हळूच म्हणाल्या, "दिवे लागत होते, काका."

काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस कडेकडेने मरत जाते. दुखत नाही, लाल होत नाही, काही कळत नाही. डाव्याचं फार गेलंय, उजव्याचं सुरू झालंय. गेलेलं परत येत नाही. आहे ते राखायला थेंब आहेत, रोज, न चुकता, जन्मभर. त्यांना मी सारखं विचारत होतो, "पण अंधार दिसायला हवा होता ना? काळं काहीतरी?" त्या म्हणाल्या, मेंदू ती जागा आजूबाजूच्या चित्राने भरून काढतो, ठिगळ लावल्यासारखी. म्हणून माणसाला वाटतं, रस्ता मोकळा आहे.

मग शनिवार आला. तो सांगतो, नाहीतर तू पान उलटून तेच शोधशील.

बाईंना आधी सांगितलं नाही. सांगितलं फक्त खिडकीवाल्याला. तो म्हणाला, "मी काय करू ते बोला." मी म्हणालो, "माझ्या डाव्या हाताला बस. तारा उगवला की कोपराला बोट लाव." तो म्हणाला, "मला तारे ओळखता येत नाहीत हो." "ओळखू नकोस," मी म्हणालो, "आला एवढं सांग. नाव मी सांगतो."

समितीची माणसं पहिल्या रांगेत. बाई दाराशी, हाताची घडी घालून. घुमट काळा झाला. टेबलावरचे आकडे पाहिले: दोन्ही सोळाशेवर, पहाऱ्यावर उभे असल्यासारखे. यंत्राची मला आता भीती नव्हती. भीती माझ्या स्वतःच्या डाव्या हाताची होती, तिथून काय येईल ते मला दिसणार नव्हतं. हात जोडले आणि रात्र सोडली.

कोपराला बोट लागलं. मी म्हणालो, "पूर्वेकडे बघा, आता एक निळसर तारा वर येतोय." पुन्हा बोट. पुन्हा नाव. मध्ये एकदा बोट आलंच नाही. माझ्या हिशेबाने तारा यायला हवा होता. मागे कुणीतरी खोकलं. अंधारात मी त्याला कोपराने ढोसलं, तर तो तोंड उघडं टाकून वर बघत होता! भानावर येऊन त्याने बोट इतक्या जोरात खुपसलं की मी "आई गं" म्हणता म्हणता "आणि हा... शनी" म्हणालो. लोकांना वाटलं, भक्तिभावाने म्हणतोय. हसले. खेळ पार पडला. पूर्व आणि पश्चिम शेवटपर्यंत एकत्र चालल्या.

बाहेर आल्यावर खिडकीवाला मान चोळत म्हणाला, "हे रोज असतं होय आत? मला कुणी सांगितलं नाही."

समिती खूश होऊन गेली. मग मी बाईंच्या खोलीत गेलो आणि या खेपेला दार मीच लावून घेतलं. सगळं सांगितलं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. मग म्हणाल्या, "खेळ झाल्यावर सांगितलंत. आता रागावू की आभार मानू?" मी म्हणालो, "दोन्ही करा, पण एका वेळी एकच." हसल्या नाहीत. सोमवारी काय ते सांगते म्हणाल्या. फिल्म येईल, की मी बोलायचं आणि यंत्र दुसऱ्याने बघायचं, ते त्या ठरवतील. जे ठरेल ते ठरेल.

वहिनीला आज सकाळी सांगितलं. रडली, मग थेंबांच्या बाटलीवर वेळ लिहून ती आरशापाशी ठेवली, आणि आता माझ्या उजव्या बाजूने चालते, मला दिसेल अशी. तिला वाटतं माझ्या लक्षात आलेलं नाही.

आता जे पहिल्या पत्रापासून लिहायचं टाळतोय ते लिहितो.

ती बादली, बारक्या. अंगणातली. बाबा डावीकडून तिच्यावर आदळून पडले, गुडघा फुटला, आणि उठून त्यांनी तुझ्या कानाखाली अशी मारली की तू दोन दिवस जेवला नाहीस. "वाटेत कुणी ठेवली?" म्हणून. तू रडत सांगत होतास की ती रोजच्याच जागी आहे. खरंच ती रोजच्याच जागी होती. मी पाहिली होती. त्यानंतर कितीदा असंच झालं: चौकट, वासरू, दारातली तू सोडलेली चप्पल. आपण म्हणायचो, म्हातारा तापट झालाय, आपल्यावर डूख धरून आहे. तू तर त्यांना शेवटपर्यंत माफ केलं नाहीस, आणि मी तुला कधी दोष दिला नाही. शेवटच्या वर्षांत ते म्हणायचे, "दिव्यात तेल कमी घालता तुम्ही पोरं," तेव्हा तू म्हणाला होतास, "यांना उजेडसुद्धा आपल्याकडून फुकट हवाय."

बारक्या, त्यांना बादली दिसलीच नव्हती. त्यांच्या डोळ्यांपुढे अंगण मोकळं होतं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कुणाला होतं का? मी बाबांचं सांगितलं. त्यांनी लगेच पुढचा प्रश्न केला, "सख्खं भावंड आहे?" हे रक्तातून येतं म्हणाल्या. लवकर सापडलं तर सगळी नजर राखता येते. मला उशिरा सापडलं. तुला काही दुखत नसेल, काही कमी दिसतंय असंही वाटत नसेल, सगळं नीट दिसत असेल. तोच तर घोळ आहे. मलाही सगळं नीट दिसत होतं. आकडे बरोबर होते, फक्त आकाश उशिरा येत होतं.

फोनवर हे बोललो असतो तर तू वाक्य पुरं करू दिलं नसतंस. "बरं बरं, बघतो," म्हणाला असतास. म्हणून लिहिलं. लिहिलेलं मध्येच तोडता येत नाही.

इतके दिवस तू माझ्याकडे दोन कार्डांचे दोन आकडे मागत होतास, आणि मी शहाण्या विद्यार्थ्यासारखे पाठवत होतो. आता मी मागतो. उद्या कामावर जाण्याआधी डोळ्यांच्या दवाखान्यात जा. त्या पांढऱ्या भांड्यात तोंड घाल. बराच वेळ दिवा लागला नाही तर यंत्राला दोष देऊ नकोस. आणि दोन्ही डोळ्यांच्या दाबाचे दोन आकडे मला पाठव. त्याच्यासोबत एक शब्दही लिहिला नाहीस तरी चालेल.

मी इथे खुर्ची दक्षिणेलाच ठेवली आहे. तुझे आकडे येईपर्यंत डोळे मिटायचे नाहीत असं ठरवलंय. थेंब घालण्यापुरते मिटतो तेवढेच.

तुझ्या डाव्या हाताला उभा,
दादा